स्तनपानाचा हक्क मान्य, प्रश्न उरला जागेचा आणि नजरेचा

नवी दिल्ली : सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी बाळाला अंगावर पाजणे ही लाजिरवाणी गोष्ट मानली जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2025 रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 51-अ मधील एका मूलभूत कर्तव्याचे स्मरण करून दिले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे, हे ते कर्तव्य होय. आईच्या दुधावर बाळाचा हक्क आहे आणि तो आईच्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही. म्हणूनच हे दूध सुखाने पाजता येईल अशी व्यवस्था करणे शासनाकडे येते, असा न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा आहे.

हा निकाल एका स्वयंसेवी संस्थेच्या जनहित याचिकेवर आला. तिची पूर्वपीठिका 2018 सालची आहे. त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात नऊ महिन्यांच्या एका बालकाच्या वतीने आणि त्याच्या आईच्या वतीने याचिका दाखल झाली होती. राजधानीसारख्या शहरात घराबाहेर बाळाला पाजण्यासाठी धड जागा नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने केंद्राला आणि दिल्ली सरकारला विचारणा केली. सर्वोच्च न्यायालयातील याचिकेने तीच मागणी देशभरासाठी केली.

निकालाने नेमके काय दिले, हे मात्र नीट पाहायला हवे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 27 फेब्रुवारी 2024 रोजी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवले होते. सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा राखून ठेवावी, 50 किंवा त्याहून अधिक महिला कर्मचारी असतील तेथे किमान एक पाळणाघर असावे, अशा सूचना त्यात होत्या. न्यायालयाने हे पत्र योग्य ठरवले, राज्यांना त्याचे स्मरणपत्र पाठवण्यास केंद्राला सांगितले आणि याचिका निकाली काढली. उभ्या असलेल्या इमारतींत शक्य तितक्या प्रमाणात सोय करावी आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतींत त्यासाठी जागा राखावी, असा भेद न्यायालयाने केला. सूचना मुळात सल्लावजा आहे. तिला मुदत नाही, दंड नाही आणि ती पाळली की नाही हे तपासणारी स्वतंत्र यंत्रणाही नाही. तत्त्वाच्या पातळीवर हा निकाल मोठा आहे, अंमलबजावणीच्या पातळीवर तो राज्यांच्या इच्छेवर सोपवलेला आहे.

भारतात सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्यास कोणत्याही कायद्याने कधी मनाई केलेली नाही. त्यामुळे प्रश्न कायद्यातील बंदी उठवण्याचा नव्हताच. प्रश्न होता तो त्या क्षणी आईच्या बाजूने उभे राहील असे काही कायद्यात नसण्याचा. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाने ‘ताई, हे इथे नको’ असे म्हटले, तर तिने कोणते कलम दाखवावे? कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये, रुग्णालयातून चोरीला गेलेल्या एका बाळाच्या ताब्याच्या प्रकरणात, स्तनपान हा आईचा अविभाज्य हक्क असून अनुच्छेद 21 चे संरक्षण त्याला आहे, असे म्हटले होते. मात्र जगण्याच्या हक्काचे हे संरक्षण प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचे असते. उपाहारगृहाचा व्यवस्थापक, मॉलचा सुरक्षारक्षक किंवा शेजारच्या बाकावरचा प्रवासी यांच्यापुढे ते कितपत कामी येईल, याचे उत्तर अजून कोणत्याही कायद्यात नाही.

अन्य काही देशांनी हे उत्तर लेखी दिले आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यानुसार दुकानात, उपाहारगृहात वा बसमध्ये बाळाला पाजणाऱ्या स्त्रीला उठून जायला सांगणे हा बेकायदा भेदभाव ठरतो. स्कॉटलंडने त्याआधी, 2005 मध्येच, दोन वर्षांखालील बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. फिलिपिन्सने 2009 च्या कायद्याने कामाच्या आणि सार्वजनिक ठिकाणी स्तनपान केंद्रे बंधनकारक केली.

यातला एक मुद्दा आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही, तो भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याचा. उघड्यावर पाजण्यास कचरणाऱ्या आईला आज केवळ टक लावून पाहणाऱ्याची धास्ती नसते. आपले चित्रण होऊन ते कोठल्या कोठे पोहोचेल, ही धास्ती अधिक असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2022 पासून स्तनपान करणाऱ्या स्त्रीचे संमतीशिवाय, स्वतःच्या लैंगिक सुखासाठी वा तिला त्रास देण्यासाठी, चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 77 चोरून पाहणे आणि चित्रण करणे यांना शिक्षा सांगते. पण त्यातील ‘खासगी कृती’ची व्याख्या, खासगीपणाची वाजवी अपेक्षा असते अशा ठिकाणाशी जोडलेली आहे. कलमाची शब्दरचना पाहता रेल्वेचा फलाट किंवा बसमधील आसन त्यात बसते असे सहज म्हणता येत नाही. मग उरते ते कलम 79, म्हणजे स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने केलेली कृती. तेथे हेतू सिद्ध करावा लागतो. संसदेला या विषयात काही करायचे असेल, तर स्तनपान कक्षांच्या घोषणेपेक्षा ही फट बुजवणे कमी खर्चाचे आहे.

समाजाच्या नजरेविषयी बोलताना ‘आपली संस्कृती’ हा शब्द फार लवकर पुढे केला जातो. वस्तुस्थिती अशी की, गावच्या आठवडे बाजारात, यात्रेत, पॅसेंजर गाडीच्या डब्यात पदराआड बाळाला घेऊन बसलेली बाई हे या देशातील अगदी जुने आणि कोणाच्या डोळ्यांत न खुपणारे दृश्य आहे. आजही बांधकामावर विटा वाहणारी, रस्त्याकडेला भाजी विकणारी किंवा उसाच्या फडात कोयता घेऊन गेलेली स्त्री बाळ रडले की जेथे असेल तेथे बसते. तिला कोणी हटकत नाही; अर्थात यात समाजाचा उदारपणा किती आणि तिच्याकडे मुळात लक्षच न देण्याची सवय किती, हा प्रश्न वेगळा. अवघडलेपण वाढले ते शहरी मध्यमवर्गात. वेश बदलला हे त्याचे एक साधे कारण आहे. नऊवारीचा किंवा सहावारीचा पदर हा आडोसाच होता. अंगालगत बसणारा कुर्ता आणि जीन्स यांत तो राहिला नाही. एकत्र कुटुंबात आत्या, मावशी, जाऊ आडोसा धरायला असत, त्याही आता सोबत नसतात. त्यातच बाळाला दृष्ट लागेल, दूध आटेल या जुन्या धास्तीची भर पडते. अशा वेळी तरुण आईला घरातून मिळणारा सल्ला ठरलेला असतो : बाहेर जाणारच असशील तर बाटली भरून घे.

या सल्ल्याची किंमत शरीराला मोजावी लागते. नवजात बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा दूध मागते, म्हणजे सरासरी दोन-तीन तासांनी, आणि त्याला वेळापत्रक समजत नाही. आईचे दूध मागणीप्रमाणे तयार होते. पाजण्याची वेळ वारंवार टळली की आधी छाती भरून ठणकते, कधी गाठ बसते, कधी दाह होऊन ताप येतो. आणि हेच पुन्हा पुन्हा घडले की शरीर दूध कमी करू लागते. दुसरी गोष्ट पान्ह्याची. पान्हा फुटणे हे ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते आणि ताण, लाज, घाई यांनी ते काही काळ अडते. चारी बाजूंनी रोखलेल्या नजरा असताना बाळ छातीशी लावूनही दूध उतरत नाही, बाळ चिडून अधिक रडते, नजरा आणखी वळतात. ‘मला दूधच पुरत नाही’ या समजुतीची सुरुवात कित्येकदा अशा प्रसंगातून होते.

म्हणूनच स्तनपानाचे सल्लागार मातांना एक गोष्ट आवर्जून सांगतात. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ मूठ तोंडाशी नेते, ओठ चाळवते, मान वळवून छाती शोधते. त्याच वेळी शांतपणे पाजायला घेतले तर शेजारच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. आत सैल बनियन आणि वर मोकळा कुर्ता असा दुहेरी पोशाख केला, वरचा उचलला आणि आतला खाली ओढला, तर पोट आणि छाती दोन्ही झाकलेली राहतात. कापडी झोळीत बाळ अंगाशी बांधलेले असले तर चालताचालताही ते पिऊ शकते. पाठीला टेकू मिळेल अशी जागा निवडावी, शक्यतो भिंतीकडची. सोबत कोणी असेल तर त्याने समोर बसावे. तोंडावरून ओढणी घेण्याचा आग्रह मात्र धरू नये. मे महिन्यात नागपूर, हैदराबाद किंवा दिल्लीच्या उन्हात दाट कापडाखाली बाळ घामाघूम होते आणि कापड लाथाडून मोकळे होते. ज्याने लक्ष जाऊ नये म्हणून झाकायचे, त्यानेच ते जाते. आसपासच्या माणसांनी करायचे ते थोडेच आहे. तिला जागा द्यावी आणि आपले काम चालू ठेवावे.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार सहा महिन्यांखालील 63.7 टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती. चौथ्या फेरीत हे प्रमाण 54.9 टक्के होते. वाढ समाधानाची आहे. पण ग्रामीण भागात हे प्रमाण 65.1 टक्के, तर शहरांत 59.6 टक्के आहे. डॉक्टर, रुग्णालये, माहिती हे सारे जिथे अधिक, तिथे प्रमाण कमी. याची कारणे अनेक आहेत. नोकरी, सिझेरियनने होणारी बाळंतपणे, डबाबंद पावडरची सहज उपलब्धता ही त्यांपैकी काही. घराबाहेर पाजता न येणे हे त्या यादीत बसते की नाही, हे सर्वेक्षण विचारत नाही. परंतु शहरातील आई दिवसाचे जितके तास घराबाहेर असते, तितक्या तासांचा आहार बाटलीकडे सरकण्याची शक्यता वाढते, हे समजायला सर्वेक्षण लागत नाही. गंमत अशी की, दुधाच्या पावडरची जाहिरात करण्यास 1992 च्या कायद्याने मनाई केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. पावडर नको म्हणणारे हेच शासन बसस्थानकावर आईला एक बाकडे आणि आडोसा देताना मात्र हात आखडते.

बसस्थानकाचा उल्लेख सहज केलेला नाही. गेल्या काही वर्षांत स्त्रियांचा प्रवास वाढावा म्हणून राज्यांनी मोठा खर्च केला आहे. दिल्लीत 2019 पासून, तमिळनाडूत शहरी साध्या बसमध्ये 2021 पासून, कर्नाटकात आणि तेलंगणात 2023 पासून स्त्रियांना मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात एसटीने मार्च 2023 पासून निम्मे भाडे केले. तान्हे बाळ घेऊन माहेरी, दवाखान्यात, बाजाराला निघणाऱ्या स्त्रियांनाही त्याचा लाभ मिळतो. तिकीट स्वस्त झाले, पण सोलापूरहून निघालेली गाडी मध्येच बंद पडली तर बाळाला घेऊन बसायचे कुठे, याचा विचार त्या योजनांमध्ये दिसत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत सुरुवात लवकर केली होती. एसटीच्या स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ सुरू झाले आणि पुढे हे नाव इतके रुळले की शासकीय कार्यालयांतील, रेल्वे स्थानकांवरील स्तनपान कक्षांनाही मराठीत तेच म्हटले जाऊ लागले. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले म्हणून घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची ही लोककथा. कक्षाला याहून चांगले नाव सुचणे कठीण. पण नावाची पुण्याई देखभालीला पुरत नाही. दाराला कुलूप, किल्ली नियंत्रकाकडे, नियंत्रक जेवायला गेलेले. किंवा आत जुन्या खुर्च्या आणि मोडके फलक रचलेले, ही अनेक प्रवासी स्त्रियांच्या ओळखीची स्थिती आहे.

ती केवळ आडगावच्या स्थानकांची नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अवघ्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. दोन महिन्यांनी मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी त्या बाळासह विधानभवनात आल्या, तेव्हा तेथील हिरकणी कक्ष धुळीने भरलेला आणि सोयींविना असल्याची तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. आसामच्या तत्कालीन आमदार अंगूरलता डेका यांनीही 2017 मध्ये विधानसभेत अशा खोलीची मागणी केली होती. कायदे जेथे होतात त्या इमारतीत लोकप्रतिनिधीला ही मागणी करावी लागते; तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईची गत काय असेल, याचा अंदाज बांधावा.

अन्यत्र झालेले प्रयत्नही नोंदवायला हवेत. तमिळनाडूने ऑगस्ट 2015 मध्ये साडेतीनशेच्या आसपास बसस्थानकांवर एकाच वेळी असे कक्ष उघडले. निर्णय वरून आला आणि निधी सोबत आला तर हे काम किती झपाट्याने होऊ शकते, याचे ते उदाहरण होते. ताजमहालाच्या आवारात 2019 मध्ये स्तनपान कक्ष सुरू झाला. उत्तर रेल्वेने 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ लावून पाहिला. प्रयोग चांगला होता, पण तो वातानुकूलित डब्यात झाला. अनारक्षित डब्यात दरवाजाजवळ बाळ मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईपर्यंत असे प्रयोग पोहोचायला वेळ लागतो.

कक्ष हवेतच. ज्यांना एकांत हवा, ज्यांना दूध काढून ठेवायचे आहे, ज्यांचे बाळ गोंगाटात पीत नाही, त्यांच्यासाठी ते अत्यावश्यक आहेत. मात्र त्यांचा एक दुष्परिणाम लक्षात घ्यायला हवा. खोली आहे म्हटल्यावर ‘मग तिकडे जा ना’ म्हणायला मोकळीक मिळते. कोलकात्यात 2018 मध्ये एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा न मिळाल्याची आणि प्रसाधनगृहाकडे बोट दाखवले गेल्याची तक्रार एका आईने समाजमाध्यमावर केली. घरची कामे घरीच उरकून यावीत, अशा आशयाचे उत्तर तिला मॉलच्या वतीने देण्यात आले; गदारोळ उठल्यावर माफी मागण्यात आली. प्रसाधनगृहात बसून स्वतः जेवायला कोणी तयार होणार नाही, पण बाळाने तेथे जेवावे यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. देशातील प्रत्येक बँक, शिधावाटप दुकान, उद्यान, बाह्यरुग्ण विभाग येथे खोली बांधली जाणार नाही, हे उघड आहे. जेथे खोली नाही तेथे, आणि असली तरीही, आई बसली आहे त्या जागी पाजू शकली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने खोल्यांची सूचना आणि लाजिरवाणे न मानण्याचे आवाहन एकाच निकालात केले. त्यातील पहिला भाग राज्यांच्या परिपत्रकांत उतरतो, दुसरा सहसा गळून पडतो.

नजरेचा हा भाग केरळमध्ये सर्वाधिक उघडपणे चर्चिला गेला. मार्च 2018 मध्ये ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम नियतकालिकाने बाळाला छातीशी धरलेल्या अभिनेत्री गिलू जोसेफ यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले आणि ‘टक लावून पाहू नका, आम्हाला पाजायचे आहे’ या अर्थाची मोहीम सुरू केली. छायाचित्र अश्लील असल्याची याचिका केरळ उच्च न्यायालयाने फेटाळली. राजा रविवर्मा यांची चित्रे ज्या डोळ्यांनी पाहतो त्याच डोळ्यांनी आम्ही हे पाहिले, अशी न्यायालयाची भूमिका होती. टीका दोन्ही बाजूंनी झाली आणि त्यातील एक टीका रास्त होती. गिलू जोसेफ तेव्हा अविवाहित होत्या, आई नव्हत्या. तरी चित्रात त्यांच्या भांगात सिंदूर होता. सार्वजनिक स्तनपानाची बाजू मांडतानाही विवाहाची खूण जोडावीशी वाटली, यातून अवघडलेपण किती खोल आहे ते कळते. तरीही आपल्या देशात मुखपृष्ठावरून या विषयावर वाद झाला आणि न्यायालय आईच्या बाजूने उभे राहिले, हे कमी नव्हते.

नोकरदार स्त्रियांसाठी कायद्यात काही ठोस आहे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत त्याला पाजण्यासाठी दोन विश्रांती देण्याची तरतूद मातृत्व लाभ कायद्यात 1961 पासून होती. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. पण घरकाम, शेतमजुरी, फेरी, ऊसतोड यांत ‘आस्थापना’ कोणती? विश्रांती मागायची कोणाकडे? स्तनपान करणाऱ्या बहुसंख्य कष्टकरी माता या तरतुदींच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी ‘सार्वजनिक ठिकाण’ हेच कामाचे ठिकाण आहे, आणि रस्त्यावरील सावली एवढाच त्यांचा कक्ष.

आता चेंडू राज्यांच्या आणि महापालिकांच्या अंगणात आहे. जुन्या इमारतींबाबत ‘शक्य तितके’ या शब्दांआड टाळाटाळ होऊ शकते. नव्या बांधकामाबाबत तशी सबब चालणार नाही. देशभर रेल्वे स्थानकांचा पुनर्विकास चालू आहे, बसस्थानके, मेट्रोची स्थानके, जिल्हा रुग्णालयांच्या इमारती उभ्या राहत आहेत. यांचे नकाशे मंजूर करताना वाहनतळ किती, अग्निशमनाची वाट किती हे विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे तपासले जाते. त्याच तपासणीत स्तनपान कक्षाची जागा, तिचे क्षेत्रफळ, पाण्याचा नळ, आतून लागणारी कडी आणि ती स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कोणाची, एवढे लिहून घेणे राज्यांच्या नगरविकास खात्यांच्या हातात आहे. त्यासाठी केंद्राच्या पुढच्या स्मरणपत्राची वाट पाहावी लागत नाही.